मार्शबीच्या आभाळातली बुरशी

बर्फावर घसरायची हौस नसेल तर जुलैत न्यूझीलंडला कुणी जात नाही. तिकडे तेव्हा ऐन हिवाळा. तरी २०१५च्या जुलैत शाळेची अर्जित रजा टाकून मी पाचगणीहून क्राइस्टचर्चला गेले. ज्यांनी कारण विचारलं त्यांना अर्धंच सांगितलं. एडविन मार्शबी या इंग्रज चित्रकारावर मी लिहिलेलं पुस्तक छापायला गेलंय, त्याची नात तिकडे असते, तिच्याकडून त्याचा एक चांगला फोटो आणायचाय, एवढंच. उरलेलं कारण माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि ते मी कुणालाही दाखवलं नव्हतं.

मार्शबीचं नाव वाचकांनी ऐकलेलं नसणार. तो जलरंगात निसर्गचित्रं काढायचा. जन्म इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सपाट, दलदलीच्या मुलखातला, बाप कालव्याच्या दारांवर कामाला. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी काही वर्षं तो पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. डोंगर म्हणजे काय ते त्यानं इथे पहिल्यांदा पाहिलं, आणि पुढे जन्मभर दुसरं काही रंगवलं नाही. मग तो न्यूझीलंडला गेला आणि तिकडेच वारला. आमच्याकडे शाळेच्या जेवणघरात त्याची अकरा चित्रं आहेत. माझे वडील, आप्पा, त्याच शाळेत स्वयंपाकी होते. भांड्यांच्या आवाजात, मटणाच्या वासात मी ती चित्रं बघत मोठी झाले. पुढे ड्रॉइंगचा डिप्लोमा केला, एम.ए. केलं, आता हायस्कूलला शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथे तिथे सांगते, इथेही सांगते.

अकरातलं सगळ्यात मोठं चित्र माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहे. खाली नदी, वर माथा सपाट असलेला डोंगर, तपकिरी गवत, डावीकडे उंच झाडांची रांग. खाली सही आहे, तारीख नाही. आभाळ नीट बघितलं तर त्यात नेच्याच्या, म्हणजे फर्नच्या, पानांसारखी नक्षी दिसते, एकात एक गुंतलेली, अगदी फिकट. या नक्षीवर माझं तिसरं प्रकरण उभं होतं. माझं म्हणणं असं, की ही बुरशी आहे. रंग ओला असतानाच ती धरलीय. म्हणजे हवा दमट, धुकं उतरलेलं. म्हणजे चित्र जूनच्या पहिल्या आठवड्यातलं, पाऊस सुरू झालाय पण गवत अजून हिरवं व्हायचंय. डोंगर आपलं टेबललँड, नदी कृष्णा, झाडं सिल्व्हर ओक. सगळं चपखल बसलं होतं. माझे गुरू शिंदे सर, वय ऐंशी, साताऱ्याला स्वतःचा छापखाना. त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं, "बुरशीवरून चित्राचं पंचांग मांडणारी ही पहिलीच मराठी अभ्यासक." मी ते वाक्य पाठ केलं होतं.

मुखपृष्ठ छापून झालं त्या आठवड्यात मार्शबीच्या नातीची मेल आली. नाव हेलन. कँटरबरीतल्या एका खोऱ्यात तिचं मेंढ्यांचं फार्म. 'जरूर या' असं लिहून तिनं दिवाणखान्याचा फोटो जोडला होता. शेगडीच्या वर एक जलरंगाचं चित्र. मी ते मोठं करून बघितलं. काचेवरच्या चमकेत खालचा भाग दिसत नव्हता, पण आभाळात नेच्याची पानं होती.

मी फोटो बंद केला, परत उघडला. मग मनाची समजूत घातली, की पाचगणीचं चित्र त्यानं सोबत नेलं असेल. असं होऊ शकतं. पण नसेल तर? शिंदे सरांनी बजावलं होतं, "शुक्रवारी सकाळी मशिनवर घेतो. गुरुवारपर्यंत तुझा होकार हवा, सुनंदा. मग रडत येऊ नकोस."

क्राइस्टचर्च, विमानतळ

बाहेरून आलेलं बी-बियाणं, पान, माती, किडा यांची या देशाला फार धास्ती. विमानातच फॉर्म देतात. मेतकूट होतं म्हणून मी 'वनस्पतीजन्य पदार्थ' या रकान्यात 'हो' अशी खूण केली. त्या एका खुणेनं दंडातून वाचवलं. टेबलामागची बाई आधी हसून नमस्कारादाखल "किया ओरा" म्हणाली, मग तिनं माझी चित्रांची फाइल उघडली आणि तिचं हसू गेलं. प्रत्येक कागदाच्या मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. आपण साड्यांत ठेवतो, पुस्तकांत ठेवतो, मी चित्रांच्या छायाप्रतींतही ठेवला होता, आणि ठेवला हे विसरूनही गेले होते.

"हे काय आहे?"

"कसर लागू नये म्हणून."

"म्हणजे यात कसर आहे?"

"नाही, नाही! नाही म्हणूनच."

तिनं एकेक पान चिमट्यानं उचलून पिशवीत टाकलं. मेतकूट परत दिलं. मग बूट मागितले. बुटांच्या तळाला पाचगणीची लाल माती होती. दहा मिनिटांनी बूट धुऊन, पुसून परत. आमच्याकडे लग्नातही कुणी माझे बूट इतक्या आदरानं हाताळले नसतील. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं एका नजरेत ओळखलेला पाला मला दिसला नाही, तर मला चित्रात दिसलेलं काय खरं?

रिकार्टन

मावसबहीण स्मिता इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. रिकार्टनमध्ये घर. नवरा उत्तरेकडच्या बेटावर, लोअर हट या गावी नोकरीला, शनिवार-रविवारी येतो. मुलगी इरा नऊ वर्षांची, शाळेला हिवाळ्याची सुट्टी. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून देते. मी एक बोलायचं, तिनं दुसरं, आणि दोघींचं मस्त जमतं.

घरात बाहेरच्याइतकीच थंडी. इथली जुनी घरं लाकडी, भिंती पातळ, गरम हवेचं यंत्र फक्त बैठकीच्या खोलीत. बाकीच्या खोल्यांत श्वास दिसतो. स्मितानं मला विजेची चादर, गरम पाण्याची पिशवी आणि लोकरी मोजे दिले. "आणि ऐक ताई, हलायला लागलं तर टेबलाखाली जायचं. पळायचं नाही."

"काय हलायला लागलं तर?"

"जमीन गं."

दुसऱ्या दिवशी पोहे खात असताना कपाटातले कप किणकिणले. मी पोह्यांची बशी घेऊन टेबलाखाली. वर स्मिता आणि इरा खात बसलेल्या. इरानं खाली वाकून बघितलं. "इट्स जस्ट अ लिटल वन, मावशी."

चार वर्षांपूर्वीच्या भूकंपानं शहराचा मधला भाग पडला. तो आम्ही बघून आलो. चौकाचौकात खडी पसरलेले रिकामे प्लॉट, रस्त्यात नारिंगी शंकू, मालवाहू कंटेनरांत थाटलेली दुकानं आणि त्यांत कॉफी पिणारे लोक. आपल्याकडे पडझड झाली की दगडविटा तिथेच वर्षानुवर्षं राहतात. इथे उचलून नेल्यात, जागा झाडून ठेवलीय. ती झाडलेली जागा बघून मला जास्त भीती वाटली.

इंडियन दुकानातून स्मितानं हेलनसाठी काजूकतली घेतली, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे आपलं किराणा दुकान. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "तू सासरी चालल्यासारखं तोंड का केलंयस पण?"

मग मी तिला सगळं सांगितलं. फोटो दाखवला. तिनं आभाळ मोठं करून बघितलं, माझं मुखपृष्ठ बघितलं. "सेम आहे," ती म्हणाली. "मग? छापून टाक की. पाचगणीतून इथे तपासायला कोण येतंय?"

"मी आले ना."

तिनं गाडी सुरू केली.

खोऱ्याकडे

बुधवारी आम्ही तिघी निघालो. दोन तास सपाट मैदान, शेतांच्या कडेला भिंतीसारखी कापलेली पाइनची कुंपणं, मेंढ्या, मेंढ्या आणि मेंढ्या. "देअर्स हीप्स ऑफ शीप," असं इरानं जाहीर केलं आणि झोपली. रस्त्यावर सावलीच्या जागी काळं, न दिसणारं बर्फ असतं म्हणे. स्मिता तिथे आल्यावर बोलायची थांबायची, मी श्वास घ्यायची थांबायची. अरुंद पुलावर एका वेळी एकच गाडी. पलीकडचा थांबतो, आपण गेलो की दोन बोटं वर करतो. पसरणीच्या घाटात असं कुणी केलं तर लोक गाडी बिघडली का विचारायला येतील.

मग नदी आली. आपल्या नदीसारखी एका काठातली नाही. अर्धा मैल रुंद करड्या गोट्यांत पाण्याच्या दहा-बारा बटा, एकमेकींत गुंफलेल्या, वेणी घातल्यासारख्या. पाणी निळं, दुधाळ. आणि पलीकडे डोंगर. पायऱ्यापायऱ्यांचे, आणि प्रत्येक पायरीचा माथा सपाट. सुरीनं कापलेला.

"ताई, टेबललँडच की गं," स्मिता म्हणाली. तिला बिचारीला मला बरं वाटावं असं वाटत होतं.

मी काठाकडे बघितलं. गवत तपकिरी होतं.

हेलन दारात उभी होती. साठीच्या पुढची, उंच, पायात चिखलाचे गमबूट, ते तिनं आत येताना काढले, आम्हीही काढले. ही एक गोष्ट आपल्यासारखी. काजूकतली बघून तिनं चांदीचा वर्ख काढावा की खावा असं विचारलं. इरानं एक तोंडात टाकून दाखवली.

दुपारी जेवायला मेंढीचं रोस्ट आणि सोबत पुदिन्याची हिरवी, गोड, आंबट चटणी. स्मितानं माझ्याकडे चोरून बघितलं, हिला जाणार का म्हणून. मी दोनदा घेतली. बोर्डिंगच्या पोरांसाठी आप्पा दर रविवारी हीच करायचे. "माझ्या वडिलांची याच्यापेक्षा जरा आंबट असते," मी सांगून टाकलं.

"तुमच्या वडिलांना येते ही?" हेलनला नवल वाटलं.

"ते शाळेत स्वयंपाकी होते. तुमच्या आजोबांच्या शाळेत."

ती उठून आली आणि तिनं माझा हात हातात घेतला. त्या क्षणी मला तिला मुखपृष्ठ दाखवावंसं वाटलं. पर्समध्येच होतं, घडी करून. हात गेला नाही.

जेवण झाल्यावर चित्रं. दिवाणखान्यात चार, जिन्यात तीन. शेगडीवरच्या चित्रात बर्फाचे डोंगर होते, तेव्हा पाचगणीची आशा तिथेच संपली. पण मी हट्टी आहे. भिंग काढलं. जिन्यातल्या दोन आभाळांत नेच्याची पानं. खोल्या कोरड्या, शेगडी दिवसभर पेटलेली, भिंतीला ओल नाही.

"तुमच्याकडे बुरशी लागते का हो चित्रांना?" मी विचारलं.

"बुरशी? नाही. ही का? हा रंग गोठलाय." हेलन हसली. "आम्ही याला ग्रँडॅडचे नेचे म्हणायचो. ते पहाटे बाहेर बसायचे. ओला रंग कागदावरच गोठतो आणि अशी पानं उमटतात. इथे हिवाळ्यात बाहेर बसणारे बाकीचे चित्रकार पाण्यात चमचाभर जिन घालतात, मग गोठत नाही. ग्रँडॅड घालायचे नाहीत. दारूला शिवणार नाही असं आईला वचन दिलेलं. लोक म्हणायचे, एडविन, तू पिणार नाहीयेस, कागद पिणार आहे. तर म्हणायचे, वचन ते वचन."

स्मिता हसली. मी हसले नाही. मार्शबी दारू पीत नसे हे मी पहिल्या प्रकरणात लिहिलं होतं, शाळेच्या जुन्या अंकातून शोधून. तिसऱ्या प्रकरणात त्याचा काही उपयोग होईल असं मला सुचलं नव्हतं.

तरी मी मान्य केलं नाही. मनातल्या मनात वकिली चालूच. या चित्रांत रंग गोठला असेल, माझ्या चित्रात बुरशी असेल. दिसायला सारखी असतात दोन्ही. पण खरं सांगायचं तर भिंगाखाली बुरशीचे काळे ठिपके दिसायला हवेत, आणि माझ्या चित्रात मला ते कधी दिसले नव्हते. मी पुस्तकात लिहिलं होतं, "काळाच्या ओघात झडले असावेत." असावेत! विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मी लाल रेघ मारली असती.

"उद्या सकाळी मला बाहेर बसून बघायचंय," मी म्हणाले.

हेलननं खिडकीबाहेर बघितलं. आभाळ निरभ्र. "उद्या थंडी पडणार. कडक पडणार."

कुंपणाजवळ

रात्री हेलनकडेच मुक्काम केला. गुरुवारी सकाळी पावणेआठला उजाडत होतं. गवताचं प्रत्येक पातं पांढरं, पायाखाली कुरकुरत होतं. मी, अंगावर स्मिताचं जॅकेट, हेलनचं जॅकेट आणि माझी शाल, शेजारी इरा. हेलननं कुंपणाच्या दोन खांबांवर फळी टाकून दिली, मी वर कागद ताणून लावला. जॅमच्या बरणीत पाणी, थर्मासातलं नाही, नळाचं. निळा आणि थोडा करडा मिसळला. बोटं ब्रशला चिकटल्यासारखी झाली होती. मोठा ब्रश भरून आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, वरून खाली ओढला, एका दमात, शिंदे सरांनी शिकवला तसा.

आणि बघत बसले.

एक मिनिट. दोन मिनिटं. काही नाही. ओला रंग नुसता चमकत होता. माझ्या छातीवरचा दगड जरा हलला. मनात म्हटलं, बाई सांगते ती दंतकथा आहे, घरोघरी आजोबांच्या असतात तशी. पुस्तक वाचलं. शुक्रवार वाचला. इराला चॉकलेट द्यायचं असं ठरवलं.

"मावशी, लुक. इट्स ग्रोइंग."

कागदाच्या डाव्या कडेवरून एक रेघ आत सरकली, केसाएवढी. तिला दोन्ही बाजूंनी काटे फुटले, काट्यांना काटे. वरच्या कोपऱ्यातून दुसरी निघाली. रंग पानांच्या कडेला ढकलला जात होता आणि मध्ये फिकट शीर उरत होती. मी ती शीर पुस्तकाच्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर वर्णन केली आहे, "बुरशीच्या वाढीची मधली वाट". आता ती माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच रंगात, बुरशीविना वाढत होती. थंडीनं की कशानं, डोळ्यांतून पाणी आलं.

मी फळी उचलून आत न्यायला लागले तशी हेलन ओरडली, "नको, नको! आत नेलंस की वितळून सगळं सपाट होईल. बाहेरच वाळू द्यायचं. ऊन येईपर्यंत ग्रँडॅड इथेच ठेवायचे आणि कुत्र्यावर नजर ठेवायचे. एकदा कुत्र्यानं अख्खं आभाळ चाटलं."

हेलनचा आताचा कुत्रा माझ्या पायाशीच बसला होता. आम्ही दोघं बराच वेळ एकमेकांकडे बघत राहिलो.

ऊन आलं तेव्हा मी पर्समधून मुखपृष्ठ काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं चष्मा लावला. मग ते वर उचलून समोरच्या डोंगराशेजारी धरलं.

"डोंगराची ही सपाट पायरी म्हणजे आमची वरची टेरेस," ती म्हणाली. "ही झाडं होती इथे. पॉपलर. मोठ्या वाऱ्यात दोन पडली, बाकीची माझ्या भावानं काढली. मला वाटलं नव्हतं ती कुणी कागदावर ठेवली असतील." तिनं कागद खाली घेतला. "हे इंडियात आहे? तिकडे कसं गेलं?"

"माहीत नाही," मी म्हणाले. आठ वर्षांच्या अभ्यासात हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारलं.

परतीच्या वाटेवर

वाटेतल्या एका लहान गावात बेकरी होती. स्मिता आणि इरा आत गेल्या. मी बाहेर बाकावर, हातात मटणाची 'पाय', म्हणजे इथली भाजलेली कचोरी, गार होत चाललेली. दुपारचे अडीच, म्हणजे साताऱ्याला सकाळचे आठ. स्मिता चहा घेऊन आली.

"माझ्याकडून परवा काय झालं माहितीये?" ती म्हणाली. "पेशंटला गोळी दोन तास उशिरा दिली. त्याला काही झालं नाही. तरी फॉर्म भरून कळवलं. इथे तसंच करतात. पहिल्यांदा केलं तेव्हा मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते." तिनं कप माझ्याजवळ ठेवला आणि आत गेली.

मी शिंदे सरांना फोन लावला. सांगितलं सगळं. कुंपण, बरणी, कुत्रासुद्धा. पलीकडे छापखान्याचं शटर वर गेल्याचा आवाज आला.

"सुनंदा, एक विचारू? महाराष्ट्रातून त्या गोठलेल्या गावात कोण जाणार आहे?"

"कोणी नाही, सर."

"मग? पुढच्या आवृत्तीत टीप घाल. मुखपृष्ठ छापलंय गं. माझी प्रस्तावना..."

"सर, प्रस्तावनाही बदलावी लागेल. ते पंचांगाचं वाक्य काढा."

"चांगलं वाक्य होतं."

"मला पाठ आहे, सर."

ते खोकले की हसले कळलं नाही. "ठीक आहे. मशीन थांबवतो. पण तू आधी नीट झोप. आणि तो तुझा गोठलेला कागद घेऊन ये, मला बघू दे," म्हणाले आणि फोन ठेवला.

त्याहून अवघड फोन आप्पांचा होता. प्रकाशनाला त्यांनी अख्ख्या गल्लीला बोलावलं होतं. "आप्पा, पुस्तक लांबलं," मी म्हणाले. "माझी चूक झाली. ते मोठं चित्र पाचगणीचं नाही. इथलं आहे."

"व्हय का," आप्पा म्हणाले. "म्हंजी त्ये खोक्यातनं आल्यालं?"

"कुठल्या खोक्यातनं?"

"अगं, तू व्हायच्या आदी दोन-तीन वरसं. लाकडी खोकं आलं पोस्टानं. प्रिन्सिपल सायेब म्हनले, म्हादू, फोड. मीच फोडलं की. भुसा न्हवता त्यात, मेंढराची लोकर कोंबल्याली. तुज्या आईनं उशी भरली तिची. चिठ्ठी हुती, ती सायबानं घेतली."

बेकरीच्या काचेतून इरा मला हात करत होती. मी तिच्याकडे बघून हात हलवला, उगाच.

"आप्पा, मला कधी सांगितलं नाहीत."

"तू कुटं इचारलंस?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "तू वाचून दाखिवलंस, मार्शबी सायबानं हितं बसून काढलं म्हनून. मी म्हनलं, आसंल. शिकल्याली पोर हाय, तपास करूनच लिवलं आसंल. आपन कशाला मधी बोलायचं."

मी दोन प्राचार्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या. एका निवृत्त कर्नलला शोधून काढलं होतं, तो मार्शबीचा विद्यार्थी. ट्रस्टींकडे तीनदा गेले. त्यातल्या ज्या मुलाखती आमच्या घरी झाल्या, त्यांना चहा आप्पांनी केला होता.

पाय गार झाली होती. तरी खाल्ली.

पुस्तक वर्षानं निघालं. तिसरं प्रकरण नवं लिहिलं, मुखपृष्ठ तेच ठेवलं, खाली हेलनच्या खोऱ्याचं नाव घातलं. जिथे चित्र पाचगणीला कसं आलं हे येतं, तिथे तळटीप आहे: 'माहिती: श्री. महादेव जाधव, निवृत्त स्वयंपाकी, शाळेत पस्तीस वर्षे सेवा.' पहिली प्रत घेऊन मी घरी गेले, ते पान उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, अक्षरांवरून अंगठा फिरवला, परत वाचायला लावलं.

"छत्तीस," आप्पा म्हणाले. "माजी नोकरी छत्तीस वरसं. पस्तीस कुनी सांगितलं तुला?"

कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं.